खोलीतून वजा

१

नामपूरला येऊन हर्षालीला अठ्ठावीस दिवस झाले होते, आणि ते सगळे तिने एकाच क्रमाने काढले होते. उठायचं, मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत यायचं, यंत्राच्या दोन्ही नळ्यांची तोंडं कोरड्या फडक्याने पुसायची, बाटलीतलं पाणी बदलायचं, पडद्यावरचा आकडा वहीत उतरवायचा, मग चहा. चहाला सोबत कुणी नाही, म्हणून ती यंत्राशीच बोलायची. आधी लाज वाटली. आठ दिवसांनी तीही गेली.

यंत्र हवा हुंगायचं. एखादा रोग हवेतून आला, किंवा कुणी मुद्दाम सोडला, तर माणसं अंथरुणाला खिळायच्या आधी ते कळावं, एवढंच त्याचं काम. नाशिकच्या एका लहानशा कंपनीत आठ माणसं तीन वर्षं त्याच्यामागे लागली होती. प्रयोगशाळेत ते शहाण्यासारखं वागे, पण जरा धूळ उडाली की भलत्याच गोष्टीला घाबरून ओरडे. "तुझ्यासारखंच आहे," असं कंपनीचे ज्ञानेश सर हर्षालीला म्हणाले होते, कारण मागून कुणी हाक मारली तरी तिच्या हातातली वस्तू पडायची.

म्हणून त्याला कांद्याच्या बाजारात आणलं होतं. ऐन उन्हाळ कांद्याच्या दिवसांत इथे नसतं काय? माती, बुरशी, टरफलं, ट्रॅक्टरचा धूर, आणि शेकडो माणसांचा खोकला. इथे पंचेचाळीस दिवस ते उगाच ओरडलं नाही तर कुठेही ओरडणार नाही, असा हिशोब. आवाराच्या टोकाला, जुन्या वजनकाट्यामागे, दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत हर्षाली. मागच्या खोलीला वेगळं दार नव्हतं.

एक नळी खिडकीतून बाहेर बाजाराकडे, दुसरी खोलीतच, तुलनेसाठी. आता खोलीत जो माणूस राहतो त्याचा श्वास, त्याच्या कातडीचा भुगा हेही हवेत असतंच. ते वजा केलं नाही तर यंत्र माणसालाच रोग समजेल. म्हणून पहिल्याच दिवशी नमुना द्यावा लागायचा. नळीसमोर स्टुलावर बसायचं आणि बोलत राहायचं, दुसऱ्या कुणी खोलीत थांबायचं नाही. नमुना भरला की नाव टाकायचं. तेव्हापासून यंत्राच्या लेखी ते माणूस खोलीत असून नसल्यासारखं. प्रत्येक नावाचा एकच नमुना. त्याच नावाने पुन्हा कुणी बसलं तर आधीचा पुसला जाई.

पहिल्या दिवशी हर्षाली एकटीच स्टुलावर बसून भिंतीशी बोलली होती. काय बोलावं सुचेना, तेव्हा तिने येवल्याच्या घराबद्दल सांगितलं होतं. वडलांचा हातमाग, त्याची दिवसभराची खटखट, त्या आवाजातच झोपायची आणि जागं व्हायची सवय. बोलता बोलता तिला रडू आलं होतं. यंत्राने तेही वजा करून टाकलं.

पंचेचाळीस दिवस नीट गेले तर तिला नाशिकला घेणार होते. ती तिथे एकदाच गेली होती, पण दुपारी आठही जण एका लांब टेबलाशी डबे उघडून बसतात आणि एकमेकांच्या भाज्या ओढतात हे तिने पाहिलं होतं. तेवढं टेबल डोळ्यांसमोर ठेवून ती दिवस ढकलत होती. चाचणी फसली तर येवला, आणि आत्याने आणलेलं स्थळ, आणि 'शिकून काय दिवे लावले' हे वर्षभर ऐकणं.

२

सव्विसाव्या दिवशी सकाळी नाशिकहून निरोप आला. बाहेरची परीक्षक मंडळी कागदपत्रं बघणार आहेत, सोडून गेलेल्यांची नावं यादीतून काढून टाक.

हर्षालीने यादी उघडली. दोन नावं होती. हर्षाली. त्याच्या वर दीपमाला.

ती तिच्या आधीची मुलगी, एवढंच तिला ठाऊक होतं. मागच्या खोलीतल्या खिळ्यावर तिचा एक कंगवा राहिला होता, तो हर्षालीने कागदात गुंडाळून ठेवला होता. तिने नावावर बोट ठेवलं. 'नमुना कायमचा पुसायचा?' असं यंत्राने विचारलं. हो.

रोज दुपारी दोन वाजता यंत्र आतल्या नळीचा निकाल द्यायचं. पडद्यावर येई, तिच्या फोनवर येई आणि नाशिकलाही जाई. पंचवीस दिवस तो एकच होता. 'आत: कुणी नाही.' सुरुवातीला हर्षालीला तो वाचून कसंनुसं व्हायचं. मी बसलेय ना इथे, असं वाटायचं. मग सवय झाली.

त्या दुपारी आलं, 'आत: एक माणूस. नोंद नाही.'

तिने आधी मागे पाहिलं. मग मागच्या खोलीत, मोरीत, दारामागे. मग स्वतःवरच चिडली. खोली ती केवढी, आणि त्यात माणूस लपणार कुठे?

"तूच असशील," ज्ञानेश सर फोनवर म्हणाले.

"माझं नाव यादीत आहे सर. मी दोनदा पाहिलं."

"मग ती झाडायला येते ती बाई. आत येते ना ती? पाणी प्यायला वगैरे?"

"येते, पण..."

"तिचा नमुना घेऊन टाक. आणि हर्षाली, घाबरून जाऊ नकोस. पण लक्षात ठेव, नोंद नसलेलं तीनदा आलं की चाचणी बंद. ते माझ्या हातात नाही."

"दीपमालाचं नाव काढल्यावरच हे झालं, सर. ते परत घालता नाही येणार?"

"पुसलं म्हणजे पुसलं. नमुना काय हवेतून आणू?" मग त्यांनाच आपलं बोलणं गमतीचं वाटून ते हसले.

३

कुसाबाई आवार झाडायची. लिलाव उरकला, ट्रॅक्टर गेले, की ती लांब दांड्याचा खराटा घेऊन कांद्याच्या टरफलांचे गुलाबी ढीग लावत यायची आणि हर्षालीकडे तांब्याभर पाणी प्यायची. यंत्राला ती हुंगणी म्हणायची. बोलणं अर्धं मराठी, अर्धं अहिराणी.

"मना वास लिसन काय करस ती?" दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसता बसता ती म्हणाली. स्टुलावर जाड स्पंजची गादी होती, तिच्यावर दोनदा उसळून तिने ती तपासली. "कांदाना वास यी, दुसरं काय यी?"

"मावशी, वास ती घेईल, तुम्ही फक्त बोलत राहा. जेवढं बोलाल तेवढं लवकर संपेल. मी बाहेर थांबते."

"बोलाले काय, सांग ना कोनाविषयी."

"कुणाविषयीही."

हर्षाली बाहेर खिडकीशी उभी राहिली. आतून कुसाबाईची गाडी सुटली. सुनेच्या हातची पातळ डाळ, जावयाची मोटारसायकल, शेजारणीने उसना नेलेला आणि तुटका परत दिलेला खराटा. "आन् वर म्हणती काय, असाच होता!" खिडकीच्या जाळीतून हर्षालीला हसू आवरेना. सत्तावीस दिवसांत ती इतकं हसली नव्हती. वीस मिनिटांत नमुना भरला.

"येवढंच?" कुसाबाई जराशी खट्टू झाली. "मी तर अजून थोरल्या जावेवर आलीच नाय."

जाताना दारात थांबून तिने विचारलं, "अठे एकलीच राहस का तू?"

"हो मावशी."

"मंग सकाळच्या पारी कोनासंगं बोलस?"

"यंत्राशी. वेड लागायला नको म्हणून."

"ते नाय. तू बोलस ते माले माहीत शे," कुसाबाई म्हणाली. पण तेवढ्यात कुणीतरी तिला आवारातून हाक मारली आणि ती खराटा उचलून गेली.

हर्षाली उंबऱ्यात तशीच उभी राहिली. ते नाय म्हणजे काय? मग तिने ठरवलं की म्हातारीला नीट सांगता आलं नसेल.

४

दोन वाजता, 'आत: एक माणूस. नोंद नाही.'

यावेळी ती जागची हलली नाही. पंखा बंद केला. विचार कर, तिने स्वतःला बजावलं, तू बीएस्सी झालेली आहेस. नळीत कचरा असेल. बाटली नीट धुतली नसेल. उन्हाने यंत्राचं डोकं फिरलं असेल. बाहेर आवार ओस पडलं होतं. भर दुपारी बाजार रिकामा झाला की जी शांतता पडते ती गावातल्या कुठल्याच शांततेसारखी नसते. इतका गलबला एकदम गेल्यावर कानांत त्याची पोकळी राहते.

ती नळी तपासायला गेली. नळीच्या तोंडाला बारीक जाळी होती आणि जाळीपुढे एक टरफल आलं होतं, कांद्याचं सगळ्यात आतलं, कागदाहून पातळ. वाऱ्याने येऊन कोळिष्टकाच्या एका धाग्याला लटकलं असावं. पंप हवा आत ओढत होता, त्यामुळे ते जाळीला चिकटलं होतं.

मग ते सुटलं. बोटभर बाहेर आलं, क्षणभर थरथरलं आणि परत जाळीला चिकटलं. पुन्हा सुटलं.

पंप फक्त ओढतो. बाहेर फुंकायची सोय त्याच्यात नाहीच. हे तिला पाठ होतं, तिने स्वतः तो दोनदा उघडून जोडला होता. ती गुडघ्यावर बसून बघत राहिली. आत, बाहेर. आत, बाहेर. तिने आपला श्वास रोखून धरला, तो आपलाच असेल म्हणून. टरफल हलतच राहिलं, सावकाश, एका लयीत. एखादं माणूस नळीला तोंड लावून, अगदी निवांत बसलं असावं, तसं.

तिने ते चिमटीत धरून काढलं. बोटांना ते दमट लागलं.

५

पळून जावं असं तिला वाटलं नाही असं नाही. संध्याकाळची सटाण्याची एसटी होती. पिशवी भरायला दहा मिनिटं लागली असती. पण मग त्या टेबलाशी नववी खुर्ची लागणार नव्हती. आणि येवल्याला सांगणार काय? टरफल हललं?

तिने सरांकडून दीपमालाचा नंबर मिळवला. "कुणाचाच फोन उचलत नाही ती," सर म्हणाले. "एक दिवस किल्ली कुरियरने पाठवून दिली, बस्स. चांगली होती गं कामाला." हर्षालीने चारदा फोन लावला, मग निरोप लिहून ठेवला. मी तुमच्या जागेवर आले आहे, एक विचारायचं होतं.

उत्तर आलं नाही. आणि ते न आल्यामुळे तिच्या मनात हळूहळू एक गोष्ट पक्की होत गेली. कुणाचा फोन न उचलणारी मुलगी. जाताना कुणालाच न दिसलेली. खिळ्यावरचा कंगवा. जिचं नाव होतं तोवर खोली रिकामी होती आणि जिचं नाव काढताच खोलीत माणूस निघालं.

रात्र तिने वजनकाट्याच्या ओट्यावर चादर टाकून काढली. सकाळी उजेडात तिला सगळं जरा सोपं वाटलं. भीती होतीच, पण तिच्यासोबत आणखी काहीतरी होतं, जवळजवळ माया. आपण एकटे इथे कुढत होतो, आणि ही आपल्या शेजारी कुढत होती. आपण तिचं नाव पुसलं. ते परत लावायचं, एवढंच तर.

नमुना कसा घेतात ते तिला माहीत होतं. माणसाला स्टुलावर बसवायचं आणि बाहेर जायचं.

६

एक वाजून पाच मिनिटांनी तिने स्टूल नळीसमोर ठेवलं, गादी झटकली आणि यंत्र नमुन्यावर लावलं. मग कुठे बघावं ते न कळून ती गादीकडे बघूनच बोलली.

"दीपमालाताई, चूक माझी झाली. मला माहीत नव्हतं. थोडा वेळ बसाल का? तुमचं नाव मी परत लावते. मग तुम्हालाही त्रास नाही, मलाही नाही."

तिने दार ओढलं, कुलूप लावलं आणि पायरीवर बसली. फोनवर नमुना किती भरला ते दिसायचं. शून्य टक्के. ऊन पायरीच्या कडेपर्यंत आलं होतं. एक कुत्रं ट्रॉलीखाली धापा टाकत पडलं होतं. हर्षालीला स्वतःचंच हसू आलं. रिकाम्या स्टुलाची विनवणी करून आलो आपण.

आकडा हलला. चार.

तेवढ्यात फोन वाजला आणि तो तिच्या हातून पडता पडता वाचला.

"तुमचा निरोप होता. मी दीपमाला."

मागे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी मोठ्याने टीव्ही लावला होता. इतका साधा, नांदत्या घराचा आवाज हर्षालीने महिनाभर ऐकला नव्हता.

"तुम्ही... कुठे आहात ताई?"

"कुठे म्हणजे? घरी. सटाण्याला." आवाज सावध झाला. "काय विचारायचं होतं?"

हर्षालीला काय विचारायचं होतं ते आता उरलंच नव्हतं. तिची पाठ दाराला टेकलेली होती. ती तिने सोडवून पुढे घेतली.

"मी यादीतून तुमचं नाव काढलं," ती म्हणाली.

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. दीपमाला दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"का काढलंत?"

"सांगितलं होतं. ताई, तुम्ही का सोडलंत इथलं?"

"दोन वाजता मी आत असले की ते ओरडायचं. मला परकी धरायचं. मी बाहेर असले की गप्प. आठ दिवस मी पायरीवर बसून काढले."

"पण तुमचं नाव तर यादीत होतं."

"नाव होतं," दीपमाला म्हणाली. "नमुना माझा नव्हता. मी दोन दिवस लग्नाला आले होते, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. परत गेले तोवर माझ्या नावाने नवा भरला होता."

"सरांना नाही सांगितलं?"

"काय सांगू? यंत्र म्हणतंय मी, मी नाही?" ती थांबली. "तुम्ही आत्ता कुठे आहात? खोलीत?"

"बाहेर. पायरीवर."

"एकट्याच?"

"हो."

"मग हे मागे कोण बोलतंय?"

हर्षालीने कान दिले. तिला पंपाची घरघर ऐकू आली, कुत्र्याची धाप ऐकू आली. बाकी काही नाही. तिने फोन कानापासून दूर धरून पडद्याकडे पाहिलं. कुसाबाईला वीस मिनिटं लागली होती, आणि ती श्वास घ्यायलाही थांबली नव्हती. इथे बसून अकरा मिनिटं झाली होती.

शंभर.

इतकं बोलायचं होतं कुणाला तरी.

७

नाव टाकायला दहा मिनिटं मिळायची, आणि ते यंत्राच्या पडद्यावरच टाकावं लागे. नाही टाकलं तर नमुना फुकट, आणि दोन वाजता तिसरा निकाल.

दीपमाला फोनवर काहीतरी म्हणत होती. हर्षालीने तो बंद केला. किल्ली कुलपात घातली. कुठलंही नाव चालेल, ती स्वतःला सांगत होती, सुचेल ते टाक, बाहेर ये, सतरा दिवस राहिलेत. किल्ली फिरवायच्या आधी तिने, निव्वळ सवयीने, खिडकीच्या जाळीतून आत पाहिलं.

स्टूल होतं तिथेच होतं. वर कुणी नव्हतं. गादी मात्र मधोमध खोल दबलेली होती, आणि ती बघत असताना स्पंज सावकाश वर येत होता. पुरता वर आला. गादी सपाट झाली.

मग यंत्राच्या पडद्यावर बोट लागलं की होतो तो आवाज झाला. टिक. जरा थांबून पुन्हा, टिक. अक्षर शोधत शोधत कुणी लिहावं, तसं. पडदा भिंतीकडे होता, तिला दिसत नव्हता. तिने किल्ली सोडली. ती कुलपातच लटकत राहिली.

दोनला पाच कमी असताना ज्ञानेश सरांचा फोन आला.

"मिळाला गं नमुना. पण एक कळलं नाही, स्वतःचाच पुन्हा का घेतलास?"

"काय?"

"तुझ्या नावावर आलाय. आधीचा पुसला गेला ना तुझा. असो, काही बिघडत नाही, नवा चांगला भरलाय. तू एवढं बोलतेस हे माहीत नव्हतं."

तिने फोन खाली घेऊन जाळीकडे पाहिलं. सरांना वाटलं रेंज गेली. दोन वाजले तेव्हा ते अजून फोनवरच होते, आणि निकाल दोघांना एकदमच दिसला. 'आत: कुणी नाही.'

"शाब्बास," सर म्हणाले. "आता असंच चालू दे. सतरा दिवस. मग इकडे ये, खुर्ची सांगून ठेवतो तुझी."

तिची पिशवी आत होती. चादर ओट्यावर होती, पण उशी, चार्जर, पाण्याचा माठ, आईने दिलेला लोणच्याचा डबा, सगळं आत. किल्ली फिरवली असती तर दार उघडलं असतं, ती कुलपातच होती. पण एक पाऊल, आणि उद्या दोन वाजता यंत्र ओरडलं असतं. आत एक माणूस, नोंद नाही. ते खोटंही नसतं.

आत स्टूल टेबलाशी ओढल्याचा आवाज झाला. वहीचं पान उलटलं. बाटलीतलं पाणी बदललं जात होतं, आधी जुनं ओतायचं, मग नवं, हिंदकळू न देता.

कुसाबाई खराटा ओढत आली आणि ऊन चुकवायला भिंतीच्या सावलीत टेकली. तिने दाराकडे कान केला, मग पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"काम चालू शे आत, आन् तू उन्हात बसस?" ती म्हणाली. "कोन शे गं?"

हर्षालीने कुलपात लटकलेल्या किल्लीकडे पाहिलं.

"हर्षाली," ती म्हणाली.